श्वासाची जागा

लाल दिवा लागला नव्हता. एवढंच. बाकी सगळं रोजच्यासारखंच होतं. लिसांद्रो जमिनीवर मांडी घालून बसलेला, गिटार आडवी मांडीवर. रेनाताच्या टेबलावर वायरींचा तोच गुंता. उरिएल गॅसचं रिकामं सिलिंडर दोरीने छताला टांगत होता, आणि मावशी मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत, चपला काढून, पाय पुढे सोडून. मी अर्ध्या शटरखालून वाकून आत आले आणि नजर थेट त्या दिव्यावर गेली, कारण तो कायम लागलेला असतो. ही माणसं सगळं रेकॉर्ड करतात. कोणी शिंकलं तरी. एकदा मी आणि रेनाता संडासाच्या किल्लीवरून भांडलो, तर माझं 'तुझ्या बापाचा आहे का संडास' त्यांनी जपून ठेवलं आणि पुढे एका गाण्यात उलटं करून वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याला. अशी माणसं. आणि आज दिवा काळा.

"दिवा?" मी म्हणाले.

रेनाताने मान वर केली नाही. "आज नको."

"काल होता?"

"देया, बस ना गं."

मी बसले नाही. शटरखालीच उभी राहिले, एक खांदा आत, एक बाहेर. मला कोणी बस म्हटलं की मी उभी राहते, शाळेत पण ह्याच्यावरूनच सुरुवात झाली होती आणि शेवट बाईंच्या टेबलाची काच फुटून झाला. पण आज तसं नव्हतं. आज आत पाऊलच टाकवेना. चार वाजले होते, डोंगरावरचा वारा खाली यायला लागला होता, आमच्या ह्या काली शहरात दिवसभर माणूस त्या वाऱ्याचीच वाट बघत असतो, आणि मला मात्र मानेवर तो नको वाटला. काल दिवा होता का, परवा होता का, मी आठवायला लागले आणि आठवेना, कारण आठ दिवस मी बघितलंच नव्हतं. आठ दिवस. हे आधी का नाही खटकलं मला? बँड आठवड्यातून दोनदा भेटतो, आणि तेही लिसांद्रो अर्धा तास उशिरा येऊन बसचं कारण सांगतो. गेल्या सोमवारपासून आम्ही रोज येतोय, ठोक्याला चार. रविवारी पण. रविवारी लिसांद्रो आईकडे जेवायला जातो, अंगात ताप असला तरी जातो. ह्या रविवारी तो इथे होता, केस पाणी लावून विंचरलेले. मी त्याला हसले पण होते. "काय रे, लग्न ठरलं का?" तो म्हणाला, "हं." नुसतं हं. हा माणूस एरवी एका टोमण्याला तीन परत देतो.

आणि आठ दिवसांत गाणं एकही नाही. भिंतीला लागून पाच ॲम्प आहेत, लहान-मोठे, एकाचा पण आवाज दुसऱ्यासारखा नाही. लिसांद्रो गिटार नुसती त्यांच्यासमोर धरायचा आणि पाचही घुमत राहायचे, उरिएल मधूनच सिलिंडरवर ठोका टाकायचा, आणि त्या घूंच्या खाली मावशी काहीतरी पुटपुटत राहायची. मला वाटलं ह्यांचं नवीन खूळ. मागे एकदा महिनाभर त्यांनी फ्रीजचा आवाज घेऊन उच्छाद मांडला होता. मी मावशीची दुसरी, म्हणजे ती गाणं काढते आणि मी झेलते, माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. पण आठ दिवस ती मला म्हणत होती, "तू बस. तुझं काम शेवटी." मी पायरीवर बसून मीठ लावून कच्चा आंबा खाल्ला आणि रागावले. बस्स. तेवढंच केलं मी आठ दिवस.

मी तिला मावशी म्हणते, पण ती काही माझीच मावशी नाही राहिली. सगळेच मावशी म्हणतात. आधी मला राग यायचा, माझ्या आईची सख्खी बहीण आहे ती, मला आणि माझ्या भावाला, एइलेरला, तिने वाढवलंय, ह्यांचं काय. अडीच वर्षांपूर्वी ती बाजारात मासे विकायची आणि खवले काढताना गायची, आमच्या गावाकडच्या नदीवरची गाणी, बाळाची, होडीची, संतांची. हा बांबू लिसांद्रो एकदा समोर येऊन उभा राहिला तो बर्फ वितळून पाणी पायापर्यंत आलं तरी हलेना. मावशी म्हणाली, "मासा घेतोस, का स्वतःच मासा व्हायची वाट बघतोयस?" त्याने दुसऱ्या दिवशी गिटार आणली, बाजारातल्या कोंबडीवाल्याच्या प्लगला लावली आणि असा काही किंचाळवला तो ॲम्प की कोंबड्या पिंजऱ्यात उड्या मारायला लागल्या. सगळे शिव्या देत होते. मावशी हातातला सुरा खाली ठेवून ऐकत होती. "हे मी ऐकलंय," ती म्हणाली. "इंजिन गाळात रुतलं की होडी अशी रडते." त्याला जसं काही पदक मिळालं. तेव्हापासून हे. दोन रेकॉर्डी काढल्या त्यांनी. बोगोताला गेलो तेव्हा मावशी थंडीने ब्लँकेट गुंडाळूनच स्टेजवर बसली, आणि तिला वाटलं लोक ब्लँकेटला हसतायत, पण ते रडत होते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस लिसांद्रो दर चार तासांनी थेंब घालायला यायचा. रेनाता मासा साफ करायला शिकली. मावशी म्हणते, ही पोरं आवाजाला घाबरत नाहीत, आपल्या नदीवरचे घाबरायला लागलेत.

एकच गोष्ट तिने कधी दिली नाही. अलाबाओ. आमच्याकडे माणूस मेलं की त्याच्यासाठी म्हणतात ते. लिसांद्रो दर दोन-तीन महिन्यांनी लाडात येऊन मागायचा, एकच, मावशी, नुसता ऐकव.

"कोण मेलंय?"

"कोणी नाही."

"मग कोणासाठी म्हणू? तुझ्या गिटारसाठी?"

बोगोताला एक मफलरवाला साहेब फार मागे लागला, संस्कृती वगैरे म्हणाला. मावशीने त्याला सांगितलं, "आधी तू मर, मग म्हणते. तोवर रांगेत थांब." सगळे हसले, ती नाही हसली. नंतर हॉटेलच्या खोलीत मला म्हणाली, अलाबाओ म्हटला की काठाला होडी येऊन लागते. लागलेली होडी रिकामी परत जात नाही. मेलेलं कोणी नसेल तर ती जिवंतातलं कोणी उचलते. मी तेव्हा पलंगावर उड्या मारत होते, एवढा मऊ पलंग पहिल्यांदाच बघितला होता. आता शटरखाली उभी राहून मला तो पलंग आठवत होता आणि दात आपोआप एकमेकांवर दाबले जात होते.

माझी नजर चांगली आहे. हे कोणी मला शिकवलेलं नाही. मग मी बघायला लागले, आणि एकदा बघायला लागले की थांबता येत नाही. मधल्या मोठ्या ॲम्पच्या वर, भिंतीवर, जिथे छापखान्याच्या जुन्या शाईचा डाग आहे, तिथे डागावर डाग होता. काळ्या कागदाचं फुलपाखरू. तळहाताएवढं. गुरुवारी घरी मी कात्री घेतली तेव्हा पात्यांना काळ्या कागदाचा बारीक भुगा चिकटला होता. "हे काय?" तर मावशी म्हणाली, "पतंग केला. शेजारच्या पोराला." शेजारचं पोर चार महिन्यांचं आहे. मी तेव्हा हसून सोडून दिलं. मी. एरवी पोळीवर मीठ कमी पडलं तरी भांडणारी मी. नदीवर मेलेल्याची जागा मांडतात तेव्हा मागे काळं फुलपाखरू लावतात, नऊ दिवस ठेवतात, नवव्या दिवशी शेवटचा अलाबाओ म्हणून काढतात. सोमवार एक. मंगळवार दोन. बोटं मोजायची गरज नव्हती पण मोजली. आज मंगळवार.

त्या पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, अबुंदियोकाका आले होते. नदीवरून, आमच्या गावाहून, सान्ता ब्रिखिदाहून, बर्फात घातलेल्या माशांचा खोका घेऊन. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. मावशीने रस्सा वाढला, त्यांनी चमचा उचलला आणि परत ठेवला. मला नारळ आणायला पाठवलं. घरात दोन नारळ होते, मला माहीत होतं, तरी मी गेले, कारण कोपऱ्यावर मैत्रीण भेटणार होती. परत आले तर काका गेलेले, आणि मावशी तेच मासे साफ करत होती, गात नव्हती. खवल्यांचा नुसता खर्रखर्र आवाज. मी तिला सांगितलं पण, "आज रेडिओ बंद पडला वाटतं." तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आंघोळ कर जा."

एइलेर गेल्या वर्षी ईस्टरनंतर नदीवर परत गेला. बोटीवर काम आहे म्हणाला. कसलं काम, विचारायचं नसतं. सहा आठवड्यांपूर्वी त्याने मला आवाज पाठवला, अकरा सेकंद, त्यातली नऊ नुसतं इंजिन, आणि शेवटी, "देये, माझे बूट घालू नको. काढ. मला माहितेय घातलेस." घातलेच होते. आत्ताही पायात तेच होते, पुढे कापूस कोंबून. मी त्याला उलट चाळीस तरी निरोप पाठवले, शिव्याच जास्त. सगळ्यांपुढे एकच खूण, पोचल्याची दुसरी खूण एकालाही नाही. मी समजायचे फोन पाण्यात पडला. नेहमी पडतो त्याचा.

"कोणासाठी आहे हे?" मी विचारलं. माझाच आवाज मला लहान वाटला.

 उरिएल दोरीची गाठ बघत राहिला. लिसांद्रोचे केस आजही विंचरलेले.

"मावशी. कोणासाठी?"

"आलीस ना," ती म्हणाली. "पायातलं काढ आणि ये."

"ह्यांना माहितेय? ह्या बांबूला माहितेय आणि मला नाही?"

"देया," लिसांद्रो म्हणाला.

"तू गप. तुझा कोण लागतो तो?"

मावशीने खुर्चीचे हात धरले. उठेल वाटलं, उठली नाही. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? सांग. गप्प बसली असतीस?" ती हळू बोलत होती, बाजारातल्यासारखी नाही. "ज्यांनी हे केलं, त्यांनीच नदीवर सांगून ठेवलंय. त्याला पाण्यातून काढायचं नाही. त्याच्यासाठी दिवा नाही, गाणं नाही. जिथे गाणं होईल तिथे येऊ म्हणाले. आपल्या घराच्या गल्लीच्या तोंडावर त्यांचीच पोरं बसतात. तू गेल्या वेळी सुरा घेऊन गेलीस त्यांच्याकडे."

गेले होते. एइलेरचा फोन लागेना तेव्हा, मासे कापायचा सुरा घेऊन, कोपऱ्यावर, दिवसाढवळ्या. ती पोरं हसली. आठवडाभराने आमच्या खिडकीची काच गेली आणि मावशीने दगड खिडकीतच ठेवून दिला, मला दिसावा म्हणून. म्हणजे हे माझ्यामुळे. माझ्या तोंडामुळे नऊ दिवस माझा भाऊ ह्या शेडमध्ये मेलेला होता आणि मी बाहेर आंबा खात होते.

आणि मग कळलं ती घूं कशासाठी होती. ह्या गल्लीत सगळे छापखाने, आणि सगळे ह्या शेडला शिव्या देऊन दमलेले. आतून कितीही भयंकर आवाज आला तरी कोणी मान वळवत नाही. मावशीने जागा शोधली होती. जगात एकच जागा, जिथे ती रडली तरी लोक म्हणतील, चालू झालं ह्यांचं. ही तिघं तिला नऊ दिवस झाकून बसली होती, पाच ॲम्पखाली.

मी रस्त्याकडे बघितलं, कारण आत बघवेना. समोर सरबताच्या गाड्यापाशी मोटरसायकल उभी होती. त्यावर एक जण, हेल्मेट घातलेला. सरबत घेत नव्हता. मी आले तेव्हा तो गल्लीच्या टोकाला होता, आता समोर होता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर ते थांबले असते, आणि नववा दिवस काही दहाव्या दिवशी होत नाही.

मावशीने गाणं काढलं.

पाचही ॲम्प घुमत होते, सिलिंडरचा ठोका हळू, आणि त्या सगळ्याच्या खालून तिचा आवाज असा आला जसा भरतीला गाळातून पाणी येतं, आधी दिसत नाही, मग पाय ओले होतात. जागा करा, उंबरा सोडा, पाहुणा निघाला. प्रत्येक कडव्याला उत्तर लागतं. शब्द नसतात उत्तराला, नुसता लांब आ, आणि त्यात एक तरी आवाज मेलेल्याच्या घरचा लागतो. पहिलं कडवं संपलं. ती थांबली. मी ओठ मिटून घेतले. माझ्या उत्तराशिवाय तो मेलेला नव्हता. इतकं सोपं होतं ते. मी आ केलं नाही तर फोन पाण्यातच पडलेला.

लिसांद्रोने हात लांब करून पहिला ॲम्प बंद केला. नदीवर दर कडव्याला एक मेणबत्ती विझवतात. घूं थोडी पातळ झाली. दुसरं कडवं. मावशी थांबली, माझ्याकडे बघितलं नाही, मी गप्प. दुसरा ॲम्प. आता सरबतवाल्याच्या बर्फ किसायच्या मशीनचा आवाज ऐकू यायला लागला, म्हणजे तिकडे आमचाही जात असणार. तिसरं कडवं. तिसरा ॲम्प. मावशीचा आवाज उघडा पडत चालला होता, अंगावरची एकेक चादर कोणी ओढावी तसा, आणि मी दारात उभी होते, आणि माझ्या पाठीला ते हेल्मेट लागलेलं असल्यासारखं वाटत होतं. चौथ्या कडव्यानंतर ती थांबली तेव्हा तिची मान खाली गेली. तिने रेनाताकडे बोट केलं. रेनाता म्हणाली, "मावशी, नको." मावशीने बोट खाली घेतलं नाही.

रेनाताने बटण दाबलं, आणि माझा आवाज आला.

माझाच. दीड वर्षापूर्वीचा. त्या दिवशी एइलेर इथे होता, मला न्यायला आलेला, आणि रेनाता म्हणत होती, फक्त आ म्हण, लांब, आणि मी म्हणत होते आणि हा तिच्या पाठीमागे उभा राहून लिसांद्रोच्या चालीची नक्कल करत होता, मान पुढे, हात लोंबते. मी शेवटी फुटले हसून. ते हसू तिने कापलंय. मशीनमध्ये फक्त आ आहे, हसू यायच्या जरा आधीपर्यंत, मग परत पहिल्यापासून, मग परत. हसू येणार, येणार, आणि नाही. त्या आवाजाच्या पलीकडे, अर्ध्या सेकंदावर, तो उभा होता हात लोंबवून.

आणि ते चुकत होतं. आधी मला तेच कळलं, डोक्याच्या आधी बरगड्यांना. उत्तराच्या मध्यावर श्वास घ्यायचा असतो, सगळ्यांनी एकदम. सात वर्षांची असताना मावशीने माझ्या बरगड्यांवर हात ठेवून शिकवलं होतं, इथे तोड, इथे थांब, तेवढ्यात मेलेल्याला पाय उचलून होडीत टाकायचा असतो. मशीन थांबत नव्हतं. त्याला श्वासच नाही. ते नुसतं पुढे, पुढे, गुळगुळीत, आणि तो तिथे एक पाय होडीत आणि एक काठावर घेऊन उभा, आणि कोणी त्याला जागा देत नाही. माझं डोकं फिरलं. एवढी मोठी बाई ही रेनाता, दोन रेकॉर्डी केल्या हिने, मासा साफ करता येतो हिला, आणि इथे थांबायचं हे कळू नये. माझ्या आवाजाने, माझ्याच तोंडून चूक, आणि तीही त्याच्या वेळेला. मला चूक सहन होत नाही. कधीच झालेली नाही.

मी तोंड उघडलं आणि बरोबर म्हणून दाखवलं. आ, मग तोड, श्वास, मग आ. रेनाताने लगेच मशीन बंद केलं. आवाज पुढे गेला तो एकटा माझा, आजचा, फाटका, आणि तो परत घेता आला नाही. श्वासाच्या जागेत शेड इतकी शांत झाली की छताला टांगलेल्या सिलिंडरची दोरी करकरली. तेवढ्यात त्याने पाय उचलला असेल तर उचलला.

लिसांद्रोने चौथा बंद केला. शेवटचं कडवं मावशीने आणि मी म्हटलं, ती काढत होती, मी झेलत होते, आणि मग त्याने मोठा ॲम्पही बंद केला आणि आम्हाला झाकायला काहीच उरलं नाही. आम्ही थांबलो नाही. मावशीने उठून फुलपाखरू काढलं. उरिएल शटरपाशी आला, माझ्याकडे बघून थांबला, कारण मी वाटेत होते, मी मघापासून वाटेतच होते. मी बूट काढले. कापूस पडला, उचलला नाही. दोन्ही बूट उंबऱ्यावर ठेवले, टोकं रस्त्याकडे, आणि अनवाणी बाजूला झाले. उरिएलने शटर पूर्ण वर ढकललं.

समोर मोटरसायकलवाल्याने हेल्मेट काढलं. नीट ऐकू यावं म्हणून, की नदीवर मयत जाताना टोप्या काढतात तसं, ते मला कळलं नाही. माझ्याच वयाचा होता. कपाळ घामाने चिकट झालेलं. तो बुटांकडे बघत होता, मग माझ्याकडे. जिभेवर सगळं आलं होतं, त्याच्या आईपासून सगळं. मावशी मागे शेवटचा स्वर धरून होती आणि मला तो झेलायचा होता, आणि मी त्याच्या डोळ्यांत बघत तोच झेलला, दुसरं काही बोलले नाही.